साध्या गोळ्यांचा कैवार

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस, मिठागरांच्या आणि खाजणांच्या मुलखात गेल्या साडेचार दशकांत दाट वस्तीचे जे नया नगर उभे राहिले, तेथे ॲलोपॅथीचा डॉक्टर, युनानी हकीम, होमिओपॅथ आणि औषधाचे दुकान एकाच रस्त्यावर सुखाने नांदतात, आणि त्यामुळे आजार कोणताही असो, त्याविषयी चार निरनिराळी मते एका संध्याकाळी फुकट ऐकावयास मिळतात. मतांची ही समृद्धी आम्हांस मुळीच नापसंत नाही. परंतु आतड्याच्या चिवट दाहाविषयी, म्हणजे ज्यास डॉक्टर मंडळी आयबीडी म्हणतात आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोन्स या ज्याच्या दोन मुख्य शाखा आहेत त्या विकाराविषयी, या चारही मतांतून गाळून निघालेले जे एक मत अलीकडे सर्वमान्य होऊ पाहत आहे, त्याचा प्रतिवाद करणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण ते दिसावयास निरुपद्रवी आहे, शहाणपणाच्या भाषेत बोलते, आणि रुग्णाचे नुकसान मात्र वर्षानुवर्षे, मुकाट्याने करीत राहते.

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे ही वादाची पहिली अट होय. आमच्या गल्लीत ज्यांना लहानथोर सगळेच चाचा म्हणतात, ज्यांची हयात सरकारी दप्तरात गेली आणि जे कोणताही मुद्दा कागदपत्राच्या शिस्तीने मांडतात, त्यांच्या तोंडून हे मत इतक्या रेखीवपणे बाहेर पडते की आम्ही ते त्यांच्याच शब्दांत देतो. “प्रतिकारशक्ती ही अल्लामियाँची अमानत. आतडे बिघडते ते ती कमजोर झाली म्हणून. मग तिलाच आणखी दाबणारी ही विलायती इंजेक्शने घ्यायची, पेशीचे ते रिसेप्टर का काय ते बंद पाडायचे, आणि वर टीबीला घरात बोलवायचे, हा कुठला न्याय? ताकद वाढवा, दही-इसबगोल घ्या, एखादे चूर्ण घ्या, आणि फारच जोर झाला तर त्या साध्या गोळ्या आहेतच.” यातल्या प्रत्येक वाक्यास चार माना डोलताना आम्ही पाहिल्या आहेत. कोविडच्या साथीनंतर ‘इम्युनिटी’ हा शब्द काढ्याच्या पुडीपासून बिस्किटाच्या वेष्टनापर्यंत सर्वत्र छापला गेला, आणि जी वस्तू वाढविण्यासाठी पैसे मोजावयाचे तीच कमी करण्यासाठी त्याहून अधिक पैसे मोजावे लागतात हे ऐकून सामान्य गृहस्थ गोंधळला, तर त्यात त्याचा दोष फारसा नाही.

पहिली चूक निदानाची आहे. मनुष्याच्या अन्नमार्गाचे आतील अस्तर उलगडून सपाट केले तर ते सुमारे ३२ चौरस मीटर भरते, आणि शरीरात वास करणाऱ्या सुमारे ३८ लाख कोटी जिवाणूंपैकी बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात, एका पातळ श्लेष्मल थरापलीकडे नांदत असतात. इतक्या परक्यांशी जन्मभर तह राखणे, त्यांतील एखादा सीमा ओलांडू लागल्यास तेवढ्यापुरती चकमक करणे आणि चकमक संपताच पुन्हा शांत होणे, हे त्या भिंतीतील पेशींचे नित्यकर्म होय. आयबीडीत हा तह मोडतो. रुग्णाची प्रतिकारशक्ती खचलेली असते हा समज वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. त्याच्या आतड्याच्या भिंतीत ती अहोरात्र, शत्रू नसताना, बेहिशेब खर्च होत असते, आणि रक्तमिश्रित जुलाब, मुरडा, उतरत जाणारे वजन, क्रोन्समध्ये काहींना होणारे भगंदर, ही सारी त्या खर्चाची वसुली असते.

हा खर्च कोणाच्या हुकुमाने होतो, याचे उत्तर म्हणजेच चाचांचे ते रिसेप्टर, मराठीत ज्यांना ग्राही म्हणतात. एखाद्या जुन्या कचेरीत टपाल घेणारा कारकून जसा विशिष्ट शिक्क्याचाच खलिता स्वीकारतो आणि त्याचा मजकूर शिपायाकरवी आतल्या दप्तरापर्यंत पोहोचवितो, तसा पेशीच्या पृष्ठभागावरील प्रत्येक ग्राही आपल्या ओळखीच्याच रेणूस धरतो, आणि त्याचा संदेश आतील प्रथिनांच्या साखळीतून केंद्रकापर्यंत जातो, जेथे कोणते जनुक वाचावयाचे आणि कोणते मिटून ठेवावयाचे याचा निर्णय होतो. टीएनएफ, इंटरल्यूकिन-२३, इंटरल्यूकिन-१७ हे असे खलिते. आणि जॅक या आटोपशीर नावाने ओळखली जाणारी विकरे हे आतले शिपाई. प्रत्येक खलित्याचा परिणाम वेगळा, काही ठिकाणी परस्परविरुद्धही. तेव्हा ‘ताकद वाढवा’ म्हणणाऱ्यास आमचा पहिला सवाल हा की, महाराज, कोणता खलिता वाढवू? आतडे पेटविणारा की आतडे सांधणारा? या सवालास उत्तर नसेल तर तो उपदेश वैद्यकाचा नव्हे, केवळ सदिच्छेचा आहे.

येथे चाचांना एक पुरावा आमच्याच हाताने देणे प्रामाणिकपणाचे होईल. १९९६ साली जूल्स हॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाशीत टोल नामक ग्राही बुरशीपासून बचाव करण्यास आवश्यक असतो हे दाखविले, १९९८ साली ब्रूस बॉयट्लर यांनी उंदरांत त्याच घराण्यातील एक ग्राही जिवाणूंचे विष ओळखतो हे सिद्ध केले, आणि २०११ च्या नोबेल पारितोषिकात दोघांनाही वाटा मिळाला. तेव्हा साहजिकच असे वाटले की जिवाणूंची चाहूल लागताच पेटणारे हे ग्राही बंद केले की आतडे थंड होईल. परंतु २००४ साली येल विद्यापीठातील रुस्लान मेदझितोव्ह यांच्या प्रयोगशाळेने ज्या उंदरांत या ग्राहींचा संदेश आत पोहोचूच शकत नव्हता अशांच्या आतड्यास इजा करून पाहिली, तो त्या उंदरांची आतडी सामान्य उंदरांहून कितीतरी अधिक फाटली व ते मेले. म्हणजे जिवाणूंकडून येणारा तो मंद, नित्याचा संदेश हाच आतड्याच्या डागडुजीचा हुकूम होता. त्याआधी, २००१ साली, क्रोन्सशी संबंधित असे जे पहिले जनुक हाती लागले ते नॉड-२ हेही एका जिवाणूओळख्या ग्राहीचेच, आणि त्यातील रोगकारक बदल त्या ग्राहीला अधिक बलवान न करता उलट लुळा करतात. ‘पाहा, कमजोरीच ना?’ असे चाचा म्हणतील. होय, एका ग्राहीची कमजोरी. पण तिचे पर्यवसान साऱ्या भिंतीच्या दाहात होते, आणि त्या दाहावर बिस्किटातील ‘इम्युनिटी’ चालत नाही. शिवाय युरोपीय रुग्णांत ठळकपणे आढळणारे नॉड-२ चे ते तीन बदल भारतीय रुग्णांत जवळजवळ सापडतच नाहीत, हेही येथे नोंदविणे भाग आहे. आमच्या लोकांच्या आतड्याचा हिशेब दुसऱ्यांच्या वहीतून उतरवून घेता येत नाही. हे तत्त्व चाचा ज्या अर्थाने सांगतात त्या अर्थाने नव्हे, पण खरे आहे.

आता त्या साध्या गोळ्या, ज्यांच्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

नाव घेऊन बोलू: प्रेडनिसोलोन. लहान, स्वस्त, कोणत्याही दुकानात मिळणारी गोळी. ती वाईट नाही, किंबहुना तिच्या घराण्याचे उपकार मोठे आहेत. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह व विट्स यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २१० रुग्णांवर कॉर्टिसोनची जी परीक्षा घेतली, तीत सहा आठवड्यांच्या अखेरीस औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४१ टक्के रुग्णांचा विकार शमला, तर नकली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १६ टक्के राहिले. तीव्र कोलायटिस हे ज्या काळी मृत्यूचे समन्स असे, त्या काळी ही क्रांतीच होती, आणि आजही आतडे एकाएकी पेटले असता रुग्णालयात शिरेवाटे प्रथम स्टिरॉइडच दिले जाते. आमचा आक्षेप गोळीवर नाही, ‘साधी’ या विशेषणावर आहे.

कारण ही गोळी काम कशी करते? तीही ग्राहीवरच काम करते! ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही असे त्याचे नाव. तो पेशीच्या आत असतो, स्टिरॉइडशी बद्ध झाला की स्वतःच केंद्रकात शिरतो आणि शेकडो जनुकांच्या वाचनात एकदम फेरफार करतो. आणि तो आतड्यापुरता नाही, डोळ्यातील भिंगापासून मांडीच्या हाडापर्यंत देहातील बहुतेक प्रत्येक पेशीत आहे. म्हणून दाह शमतो त्याच वेळी साखर चढते, हाडे झिजतात, मोतीबिंदू वेळेआधी येतो, चेहरा सुजून गोल होतो, झोप उडते, मूल वाढीच्या वयात असेल तर उंची खुंटते. जो गृहस्थ एका खलित्यास अडविणाऱ्या इंजेक्शनास ‘प्रतिकारशक्ती दाबणारे’ म्हणून झिडकारतो आणि त्याच दमात प्रेडनिसोलोनची पट्टी खिशात टाकतो, त्याने प्रतिकारशक्ती दाबण्यास नकार दिलेला नसतो. त्याने ती सर्वांत आंधळ्या रीतीने दाबण्याचा मार्ग पत्करलेला असतो. आमच्या साऱ्या प्रतिवादाचे सार एवढ्यात आहे, आणि चाचांच्या कैफियतीत नेमके याच कलमावर मौन आहे.

या मौनाचे कारण समजण्यासारखे आहे. गोळी चार दिवसांत आराम देते, भूक लागते, रक्त थांबते, मनुष्य कामावर जातो. मग तो गोळी कमी करतो, रक्त पुन्हा दिसते, आणि दोन वर्षांपूर्वीची चुरगळलेली चिठ्ठी पुढे करून, किंवा चिठ्ठीशिवायच, तो नवी पट्टी घेतो. चिठ्ठीशिवाय विकू नये अशा औषधांत स्टिरॉइड मोडते हे कायद्यात लिहिलेले आहे, आणि कायद्याचे गल्लीत काय होते हे आम्ही नव्याने सांगावयास नको. वस्तुतः स्टिरॉइड दाह शमविते पण शमलेला दाह शमलेला ठेवीत नाही, ही गोष्ट वैद्यकात कधीच ठरून गेलेली आहे. आठ-दहा आठवड्यांत त्याची मात्रा उतरवीत नेऊन दुसऱ्या औषधाकडे कारभार सोपवावयाचा असतो. वर्षभर चाललेली प्रेडनिसोलोन म्हणजे उपचार नव्हे, उपचाराची तहकुबी. याहून वाईट प्रकार चूर्णांचा. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळल्याची प्रकरणे आपल्या देशात वारंवार उघडकीस आली आहेत. त्या पुडीने आठवड्यात गुण येतो, आणि श्रेय मुळ्यापाल्यास मिळते. शिकलेल्या, सनदशीर हकिमांवर वा वैद्यांवर हा आरोप नाही, त्यांनाही या भेसळीचा उपद्रवच होतो. ज्यांना अशा पुडीची शंका येत असेल त्यांनी तिचा अनुभव शेजाऱ्यांना सांगत बसण्याऐवजी पावती घ्यावी व अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत लेखी तक्रार द्यावी.

क्षयाचा मुद्दा मात्र खराखुरा आहे, आणि त्यास उडवून लावणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि जेथे एका खोलीत सहा माणसे निजतात, हवा एकाच खिडकीतून येते अशा वस्तीत तो जंतू कित्येकांच्या फुफ्फुसात लहानपणीच शिरून निपचित पडलेला असतो. त्याला जागच्या जागी कोंडून ठेवणाऱ्या पेशींची फळी सांधली जाते ती टीएनएफ याच संदेशाने. इन्फ्लिक्सिमॅब नावाचे प्रतिद्रव्य हाच संदेश वाटेत अडविते. क्रोन्ससाठी त्यास अमेरिकेत १९९८ साली परवानगी मिळाली आणि तीनच वर्षांत, २००१ मध्ये, ते घेतल्यानंतर क्षय झाल्याची ७० प्रकरणे प्रसिद्ध झाली. बहुतेकांत तो पहिल्या काही मात्रांतच उफाळला होता. हे चाचांच्या बाजूचे सर्वांत बळकट कागदपत्र होय, आणि आम्ही ते स्वतः हजर करीत आहोत.

परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष चाचांचा नाही. पहिली गोष्ट, ब्रिटनमधील रुग्णनोंदींच्या आधारे २००६ साली झालेल्या अभ्यासात चालू स्टिरॉइड घेणाऱ्यांतही क्षयाचा धोका सुमारे पाचपट दिसून आला. म्हणजे टीबीच्या भयाने इंजेक्शन नाकारून साध्या गोळ्यांकडे वळणारा मनुष्य त्याच भयाच्या दुसऱ्या दारात उभा असतो, फरक एवढाच की इंजेक्शनापूर्वी छातीचा एक्स-रे, मॅन्टू अथवा रक्ताची चाचणी, कावीळ-बीचा तपास, आणि सुप्त जंतू आढळल्यास प्रतिबंधक औषध असा बंदोबस्त केला जातो, आणि दुकानातून उचललेल्या पट्टीपूर्वी काहीही केले जात नाही. दुसरी गोष्ट, सर्व ग्राही एका माळेचे मणी नाहीत. वेडोलिझुमॅब हे २०१४ साली मान्य झालेले प्रतिद्रव्य लसीकापेशींवरील ज्या रेणूस झाकते, त्याच्या आधाराने त्या पेशी मुख्यतः आतड्यातच उतरतात. म्हणून फुफ्फुसातील पहारा त्याने फारसा विचलित होत नाही. इंटरल्यूकिन-२३ अडविणाऱ्या औषधांतही क्षयाचा अनुभव टीएनएफच्या औषधांहून पुष्कळ सौम्य आहे. कोणता संदेश अडवावा याचा विचार क्षयग्रस्त देशाने इतरांहून अधिक बारकाईने केला पाहिजे, हा त्या ७० प्रकरणांचा धडा आहे. आणि तो बारकावा ‘सगळेच बंद’ किंवा ‘सगळेच चालू’ असे म्हणणाऱ्यास साधत नाही.

क्षयाचा आणखी एक गुंता आहे, जो आमच्याकडे रोज डॉक्टरांच्या मेजावर येतो. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दोन रोग दुर्बिणीतून, छायाचित्रातून, कधी कधी तुकडा काढून तपासल्यावरही एकमेकांसारखे दिसतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १९३२ साली ज्या १४ रुग्णांच्या आधारे हा रोग स्वतंत्र ठरविला, त्यांनाही प्रथम तो क्षय नव्हे हेच दाखवावे लागले होते. भारतातील डॉक्टर शंका उरल्यास दोन-तीन महिने क्षयाची औषधे देऊन पुन्हा आत दुर्बीण घालतात: व्रण भरले असतील तर क्षय, तसेच असतील तर क्रोन्स. ही रीत सावध आहे, आणि योग्यही आहे. परंतु दुर्बीण पुन्हा घालण्याचे टळले, आणि ‘थोडे बरे वाटते’ एवढ्यावर क्षयाच्या गोळ्या नऊ महिने चालल्या, की क्रोन्सचा रुग्ण आतड्याची नळी अरुंद होईपर्यंत वाट पाहत राहतो. नवे निदान झालेल्या क्रोन्सच्या ३८६ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आरंभापासूनच इन्फ्लिक्सिमॅब व जोडीस दुसरे औषध मिळालेल्यांपैकी ७९ टक्के रुग्ण वर्षाच्या अखेरीस स्टिरॉइडविना व शस्त्रक्रियेविना शांत राहिले. पायरीपायरीने चढविलेल्या जुन्या रीतीत असे फक्त १५ टक्के. ‘आधी साध्या गोळ्या, मग पुढचे पुढे’ या सूत्राची एवढी फजिती क्वचितच झाली असेल.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडेही वळले पाहिजे, नाही तर चाचा म्हणतील की वकील औषधकंपनीचा आहे. परिषदांतील रंगीत चित्रफितींत ग्राही हे कुलूप असते, औषध ही किल्ली असते, आणि कुलूप लागले की रोग संपतो. इतिहास असा गुळगुळीत नाही. एटानरसेप्ट हे औषध म्हणजे टीएनएफच्या ग्राहीचीच कृत्रिम प्रतिकृती. ते टीएनएफला रक्तातच पकडते, संधिवातात उत्तम चालते, आणि क्रोन्समध्ये २००१ साली ते निरुपयोगी ठरले, जरी त्याच टीएनएफला पकडणारे इन्फ्लिक्सिमॅब तेथे यशस्वी होते. त्याहून विचित्र कथा इंटरल्यूकिन-१७ ची. सोरायसिसमध्ये या संदेशास अडविणारी औषधे अप्रतिम गुण देतात, म्हणून ती क्रोन्समध्ये वापरून पाहिली, तो सेक्युकिनुमॅबने २०१२ च्या अहवालानुसार रुग्ण सुधारण्याऐवजी बिघडले, आणि त्या संदेशाच्या ग्राहीसच झाकणाऱ्या ब्रोडालुमॅबची चाचणी मध्येच थांबवावी लागली. जो संदेश त्वचेत आग लावतो तोच आतड्यात अस्तर सांधतो व बुरशीस आवरतो, हे त्यानंतर नीट उमगले. टोफासिटिनिब ही जॅकला रोखणारी गोळी अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये २०१८ पासून मान्य आहे, क्रोन्समध्ये मात्र ती अपयशी झाली. आणि तिच्यासोबत नागीण, रक्ताच्या गुठळ्या व वृद्धांत हृदयविकार यांचे इशारे जोडले गेले. यशाचे मापही नम्र आहे: इन्फ्लिक्सिमॅबच्या २००५ च्या चाचणीत आठव्या आठवड्यास कोलायटिस पूर्ण शमलेल्यांचे प्रमाण ३९ टक्के होते, नकली औषधावर १५. दहातील चौघे! जो डॉक्टर रुग्णास याहून अधिक वचन देतो तो चाचांचाच सहोदर आहे.

पण या पराभवांचा फायदा पूर्वपक्षास कितपत मिळावा? आम्हांस वाटते, मुळीच नाही. सेक्युकिनुमॅब आतड्यास घातक आहे हे जगाला कळले ते आंधळ्या चाचणीमुळे, जीत औषध कोणास व पाणी कोणास हे देणाऱ्यासही ठाऊक नव्हते. आणि कळताच ते त्या कामातून काढून टाकले गेले. ज्या चूर्णाने गेल्या तीस वर्षांत किती जणांचे आतडे बिघडविले याची गणतीच कोणी केली नाही, त्याचे पराभव शून्य असणारच.

नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, या युक्तिवादास फार वेळ देण्याचे कारण नाही. हळदीतील कर्क्युमिनने सौम्य कोलायटिसमध्ये मेसालामाइन या नेहमीच्या औषधाच्या जोडीने गुण दिल्याचे चांगले अभ्यास आहेत, आणि ते आम्ही आनंदाने मान्य करतो. नीळ मात्र उद्बोधक आहे. जपानात निळीच्या वनस्पतीपासून केलेल्या पारंपरिक चूर्णाने अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये खरोखर नाव काढले. ते आतड्यातील अरिल हायड्रोकार्बन नामक ग्राहीस चेतवून अस्तर सांधते असे दिसले. आणि त्याच चूर्णाने काही रुग्णांच्या फुफ्फुसाच्या धमनीतील दाब घातकपणे चढला, म्हणून तेथील शासनास २०१६ साली जाहीर इशारा द्यावा लागला. मुळीतून आलेला रेणू आणि प्रयोगशाळेतून आलेला रेणू, दोघेही त्याच दाराने आत जातात.

‘हा गोऱ्यांचा रोग’ ही समजूतही आता निवृत्त व्हावी. लुधियानाच्या डॉ. अजित सूद व सहकाऱ्यांनी पंजाबात घरोघर फिरून ५१,९१० माणसांची पाहणी केली आणि २००३ साली अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण लाखात सुमारे ४४ असल्याचे जाहीर केले. इंग्लंडातील लेस्टरशायरमध्ये तर भारतीय वंशाच्या हिंदू व शीख लोकांत तो स्थानिक गोऱ्यांहून अधिक आढळल्याचे १९९२ सालीच नोंदले गेले आहे. वेगळेपण आहे ते तपशिलात. ॲझाथायोप्रिन या जुन्या, स्वस्त औषधाने काहींच्या पांढऱ्या पेशी एकाएकी कोसळतात आणि केस गळतात. युरोपात याचे कारण एका जनुकात शोधतात, आशियाई लोकांत ते बहुधा एनयूडीटी-१५ या दुसऱ्याच जनुकात असते, हे २०१४ साली कोरियातून कळले. असा तपशील जमविणे हा खरा स्वदेशी वैद्यकाचा मार्ग. लुधियानातीलच वैद्यांनी तीव्र कोलायटिसने रुग्णालयात दाखल झालेल्या १०४ रुग्णांत शिरेवाटे दिलेल्या स्टिरॉइडच्या जोडीस अर्ध्यांना टोफासिटिनिब देऊन पाहिले. सातव्या दिवशी गुण आलेल्यांचे प्रमाण ८३ टक्के, नुसत्या स्टिरॉइडवर ५९. २०२४ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी परदेशी वैद्यही लक्षपूर्वक वाचत आहेत.

उरला पैसा, आणि येथे आमचा सूर बदलतो, कारण चाचांच्या साऱ्या तक्रारीचे मूळ आमच्या मते येथे आहे आणि ते रास्त आहे. अहमदाबादच्या झायडस कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ॲडालिमुमॅब या टीएनएफ अडविणाऱ्या इंजेक्शनाची जगातील पहिली प्रतिकृती मूळ औषधाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या किमतीत बाजारात आणली, इन्फ्लिक्सिमॅबचीही भारतीय प्रतिकृती त्याच सुमारास आली, टोफासिटिनिब आज अनेक भारतीय कंपन्या करतात. तरीही दर पंधरवड्यास टोचावयाचे इंजेक्शन रिक्षा चालविणाऱ्याच्या किंवा जरीकाम करणाऱ्याच्या मिळकतीत बसत नाही. परळच्या वा मुंबई सेंट्रलच्या महापालिकेच्या रुग्णालयात जावे, तर त्यासाठी मीरा रोडहून विरारच्या लोकलमध्ये शिरावे लागते, जिच्या एकाही डब्यात शौचालय नाही. आणि ज्यास तासाभरात चार वेळा उठावे लागते त्याला दादरपर्यंतचा प्रवास म्हणजे काय, हे ज्यास हा रोग नाही त्यास सांगून कळणार नाही. कित्येक जण आदल्या रात्रीपासून उपाशी राहून तपासणीस जातात. रमजानात त्यांना निदान त्याचे कारण तरी कोणास सांगावे लागत नाही.

या अन्यायाविरुद्ध फिर्याद जरूर करावी, आणि ती किमतीविरुद्ध, नियतकालिक तुटवड्याविरुद्ध, मुंबईच्या उत्तर उपनगरांपलीकडे आतड्याच्या तज्ज्ञाची सरकारी बाह्यरुग्णसेवा पुरेशी नसण्याविरुद्ध करावी. तीत ग्राहीस आरोपी करण्याचे प्रयोजन नाही. महाग म्हणून एखादी वस्तू परवडत नाही असे म्हणणे आणि परवडत नाही म्हणून ती घातक आहे असे म्हणणे, यांत जे अंतर आहे ते चाचांसारख्या कागदाची कदर असणाऱ्या गृहस्थाने ओलांडावे याचेच आम्हांस नवल वाटते. शिवाय साध्या गोळ्यांची किंमत पट्टीवर छापलेली नसते. खुब्याचे हाड मेले तर सांधा बदलण्याचा खर्च, मोतीबिंदूचा खर्च, चढलेल्या साखरेचा जन्मभराचा खर्च, आणि शेवटी आतडे काढून पोटावर पिशवी लावावी लागली तर त्या पिशव्यांचा दरमहाचा खर्च, हे सगळे त्याच खात्यात पडते, फक्त उशिरा पडते.

चाचांचे प्रत्युत्तर येईलच, आणि ते वाचावयास आम्ही उत्सुक आहोत. त्यात दोन गोष्टींचा खुलासा असावा एवढी विनंती: पहिला, त्यांच्या साध्या गोळ्या कोणत्या ग्राहीवर काम करतात आणि तो ग्राही शरीरात कोठे कोठे आहे, आणि दुसरा, ज्या रुग्णास ते त्या घ्यावयास सांगतात, त्याने त्या कोणत्या तारखेस बंद करावयाच्या.